परदेशी जाण्यापूर्वीची एक वर्षाची तयारी

(विद्यार्थी व पालक यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



इतिहास, तत्त्वज्ञान, समाजशास्त्र, वाङ्मय अशा विषयांत पदव्युत्तर शिक्षण घेण्यासाठी परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या आपल्या मुलामुलींनी कोणती तयारी करावी, यावर दोन शब्द सांगावेत अशी चालकांची इच्छा आहे. पालकांचा पहिला प्रश्न मला ठाऊक आहे. "या विद्येने पोट भरते काय?" ज्यांनी स्वतः उपाशी राहून मुलांना शिकविले त्यांचा हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. माझे उत्तर एवढेच की, यंत्र चालविणारे हात समाजाला हवे आहेत, तसे आपला इतिहास तपासून लिहिणारे हातही हवे आहेत. ते काम शतकानुशतके दुसऱ्यांनी केले, आणि त्याचा परिणाम आपण भोगला.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र. परंतु इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान व मानववंशशास्त्र यांचाही त्यांनी अभ्यास केला. ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींविषयीचा निबंध वाचला. त्या वेळी त्यांचे वय अवघे पंचवीस वर्षांचे होते. त्या निबंधाची रचना विद्यार्थ्यांनी लक्षपूर्वक पाहावी. सेनार, नेसफिल्ड, रिस्ले व केतकर यांच्या जातीच्या व्याख्या ते एकेक करून पुढे मांडतात, प्रत्येकीत काय ग्राह्य आहे व काय उणे आहे ते दाखवितात, आणि मग जातीतल्या जातीत विवाह हेच जातीचे मर्म होय, असा स्वतःचा सिद्धांत सांगतात. परदेशी विद्यापीठे पदव्युत्तर विद्यार्थ्याकडून आजही नेमके हेच मागतात.

आणि नेमके येथेच आपली मुले अडखळतात. मी स्वतः अडखळलो. इंग्लंडमध्ये मी लिहिलेला पहिला निबंध परत आला तेव्हा त्यावर एकच वाक्य होते. त्याचा अर्थ असा की, इतर विद्वान काय म्हणतात ते समजले, पण आपण काय म्हणता? त्या रात्री मला झोप आली नाही. पाठांतरावर मी पहिला वर्ग मिळविला होता. माझे मत मला कोणी कधी विचारलेच नव्हते! आपल्या मुलांना तर घराबाहेर गप्प राहण्याचेच शिक्षण पिढ्यान्‌पिढ्या मिळालेले आहे. म्हणून खरी तयारी इंग्रजीच्या परीक्षेने संपत नाही. बोलण्याचे धैर्य आणि विचारण्याची सवय हीच ती तयारी होय.

तेथील स्वरूप कसे असते? इंग्लंडमधील एम.ए. बहुधा एका वर्षाचे असते. त्याचे १८० श्रेयांक धरतात आणि एका श्रेयांकास सुमारे १० तासांचे काम, म्हणजे एकूण १,८०० तास. यांपैकी वर्गात बसण्याचे तास थोडे. उरलेला सर्व काळ स्वतः वाचावयाचे व लिहावयाचे, आणि अखेरीस एक प्रबंधिका सादर करावयाची. चर्चासत्रात अध्यापक टिपणे सांगत नाहीत. नेमून दिलेले वाचून आलेले विद्यार्थीच बोलतात. जो वाचून जात नाही तो तेथे मुका ठरतो.

तेव्हा निघण्यापूर्वीचे एक वर्ष असे घालवावे. दर आठवड्यास एक इंग्रजी लेख वाचावा आणि एका पानात तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत : लेखकाचे म्हणणे काय, त्यास पुरावा कोणता, आणि मला ते कोठे पटत नाही. आधी मराठीत लिहिले तरी चालेल. विचार पक्का झाला की भाषा मागोमाग येते. दुसऱ्याचे शब्द घेतल्यास अवतरणचिन्हांत घ्यावेत व पृष्ठांक नोंदवावा. मार्गदर्शक पुस्तकातील मजकूर जसाच्या तसा उतरविल्याने येथे गुण मिळतात. तेथे ते वाङ्मयचौर्य ठरून शिक्षा होते. आठवड्यातून एकदा विहारात चार विद्यार्थ्यांनी बसून त्या लेखावर वाद करावा. ऐकीव आहे, ग्रंथात आहे अथवा गुरू सांगतात, एवढ्यावरून काही मानू नका, असा उपदेश भगवंतांनी कालामांना केला. तो उपदेश रविवारी ऐकून सोमवारी विसरण्यासाठी नाही.

आता शिष्यवृत्तीविषयी. धर्मांतरामुळे आपला हक्क जातो, अशी भीती नव्याने दीक्षा घेतलेल्या कुटुंबांत अजून आढळते. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतील बौद्धांनाही केंद्राच्या सवलती लागू झाल्या आहेत. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांकरिता आहे. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला व पारपत्र ही कागदपत्रे आधीच तयार ठेवावीत. कागदांच्या अभावी संधी जाऊ देऊ नये.

परंतु एका गोष्टीकडे लक्ष वेधणे माझे कर्तव्य आहे. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या २०२२ च्या नियमांनी भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळले. बडोद्याच्या शिष्यवृत्तीस अशी अट असती, तर १९१६ चा तो निबंध लिहिला गेला असता काय? ज्यांना जातीचे चटके बसले त्यांनीच जातीचा अभ्यास करू नये, हा न्याय नव्हे. प्रत्येक वर्षाचे नियम नीट वाचावेत, आणि अशा अटींविरुद्ध सनदशीर मार्गाने आवाज उठवावा.

शेवटी पालकांस विनंती. मुलगी जाऊ म्हणाली तर तिला अडवू नका. पहिल्या महिन्यांत मुलांची पत्रे उदास येतील. "परत ये" असे घाईने लिहू नका. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली बाबासाहेबांना लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. त्यांनी मुंबईत नोकरी केली, पैसे साठविले, १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले, आणि १९२३ साली डी.एस्सी. झाले. खंड पडणे म्हणजे पराभव नव्हे. आपल्या घरातून जाणारे मूल एकटे जात नाही; परत येताना त्याने आपल्या सर्वांसाठी एक प्रश्न आणि त्याचे स्वतः शोधलेले उत्तर घेऊन यावे, एवढीच माझी अपेक्षा आहे.

जय भीम!