पारितोषिक आणि पारख



राजकारणांतील तरुण मंडळींना पारितोषिकें द्यावयाचीं आणि त्यांची निवड जुन्या, मुरलेल्या पुढाऱ्यांकडून करवून घ्यावयाची, असा प्रघात अलीकडे आपल्या देशांत बराच रूढ झाला आहे. पुण्याची भारतीय छात्र संसद तरुण आमदारांचा ‘आदर्श युवा विधायक’ म्हणून सन्मान करते. डॉ. अब्दुल कलाम यांच्या सूचनेवरून चेन्नईच्या प्राइम पॉइंट फाउंडेशननें २०१० सालीं ‘संसदरत्न’ पुरस्कार सुरू केला. त्याला वयाची अट नाहीं, तरी नवख्या सभासदांचाही त्यांत विचार होतो. २०२५ सालीं त्याच्या निवडसमितीचे अध्यक्ष चंद्रपूरचे माजी केंद्रीय मंत्री हंसराज अहिर हे होते. वर्तमानपत्रांत शालश्रीफळाचें छायाचित्र येतें, आपण तें पाहतों आणि पान उलटतों. मला मात्र त्या छायाचित्रांतील तरुणापेक्षां त्याच्या शेजारीं उभ्या असलेल्या परीक्षकाविषयीं अधिक कुतूहल वाटतें.

निवड करणारे स्वतः त्या धंद्यांत मुरलेले असावेत, ही कल्पना मला पसंत आहे. सुताराचें काम सुतारानेंच तपासावें. पण कसोटी कोणती, तर सभागृहांत प्रश्न किती विचारले, चर्चेंत भाग किती वेळां घेतला, खासगी विधेयकें किती मांडलीं! ही मोजदाद निरुपयोगी आहे असें मी म्हणत नाहीं. जो सभेला येतच नाहीं तो तरी तीवरून कळतो. तथापि मी शाळामास्तर होतों, आणि वर्गांत सर्वांत अधिक वेळां बोट वर करणारा मुलगा सर्वांत हुशार असतोच असें नाहीं, हें कोणताही मास्तर सांगेल.

मी ज्या म्हसा गावीं राहतों तें ठाणें जिल्ह्यांत मुरबाड तालुक्यांत आहे. पौषी पौर्णिमेला तेथें म्हसोबाची यात्रा भरते आणि तिच्याबरोबर गुरांचा मोठा बाजार भरतो. खोंडाची पारख करणारे जाणते शेतकरी मीं तेथें वर्षानुवर्षें पाहिले आहेत. ते आधीं दांत पाहतात, मग खूर, मग वशिंड. पाठीवर थाप मारून जनावर बुजतें कीं काय तें पाहतात, आणि शेवटीं चार पावलें चालवून घेतात. शिंगांच्या रंगाकडे आणि गळ्यांतील घुंगरांकडे त्यांचें लक्ष नसतें. परंतु त्यांच्या मताला जें वजन येतें तें एवढ्यामुळें नव्हे. पाहणारा आपल्या कनवटीचे पैसे मोजणार असतो, आणि तेंच जनावर घरीं नेऊन पुढें कित्येक वर्षें त्याच्या मागें नांगर धरून चालणार असतो. पारख चुकली तर तो स्वतः बुडतो. पारितोषिकाच्या परीक्षकाचें काय बुडतें? (माणसांची गुरांशीं तुलना केली म्हणून कोणीं रागावूं नये, आमच्याकडे बैलाला मान मोठा आहे.)

महाराष्ट्रांत अशी पदरमोड करणारे परीक्षक होऊन गेले आहेत. न्यायमूर्ति रानडे यांनीं गोपाळराव गोखल्यांना हाताशीं धरलें तेव्हां गोपाळराव एकवीस-बावीस वर्षांचे होते. कोतळूकचा हा मुलगा १८८४ सालीं पदवीधर होऊन पुण्यास शिक्षक झाला होता. १८८७ सालीं सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचें काम त्याच्याकडे आलें. रानड्यांनीं त्याला पदक दिलें नाहीं, सरकारी अहवालांचे गठ्ठे दिले. आंकडे काढावयाचे, मसुदा करावयाचा, तो रानड्यांपुढें ठेवावयाचा आणि दुरुस्त होऊन आला कीं पुन्हां लिहावयाचा. या अर्जांना सरकारकडून पोंच येते, त्यापलीकडे कांहीं नाहीं, मग इतके श्रम कशाला, असें गोपाळरावांनीं एकदां विचारलें. रानड्यांनीं सांगितलें कीं अर्ज नांवाला सरकारकडे जातात, पण ते लिहावयाचे आपल्या लोकांना विचार करण्याची संवय लागावी म्हणून. ही शिकवणी १९०१ च्या जानेवारींत रानडे वारले तोंपर्यंत चालली.

मध्यंतरीं शिष्यावर कठीण प्रसंग आला. १८९७ सालीं वेल्बी कमिशनपुढें साक्ष देण्यास गोखले विलायतेस गेले. साक्ष उत्कृष्ट झाली. परंतु प्लेगच्या बंदोबस्तांत गोऱ्या शिपायांनीं पुण्यांत केलेल्या अत्याचारांविषयीं त्यांनीं तेथें जें विधान केलें, त्याला पुरावा द्यावयास कोणी पुढें येईना, आणि परत येतांच त्यांना जाहीर माफी मागावी लागली. लोकांनीं त्यांना झिडकारलें. आजची निवडसमिति अशा वेळीं यादींतून नांव काढून मोकळी झाली असती. रानड्यांनीं हात सोडला नाहीं. १८९९ सालीं गोखले मुंबईच्या कायदे कौन्सिलांत निवडून आले.

पुढें गोखले स्वतः परीक्षक झाले. १२ जून १९०५ रोजीं पुण्यास फर्ग्युसन कॉलेजमागील टेकडीवर त्यांनीं भारत सेवक समाज स्थापिला. आधीं स्वतः शपथ घेतली आणि मग द्रविड, देवधर व पटवर्धन या तिघांना दिली. हा क्रम लक्षांत ठेवण्याजोगा आहे. देशसेवेंत स्वतःचा लाभ पाहणार नाहीं, संस्था देईल त्या निर्वाहांत समाधान मानीन, कोणाशीं वैयक्तिक भांडण करणार नाहीं, अशा सात प्रतिज्ञा. आणि नव्या सभासदाला पांच वर्षें उमेदवारी. या दाराशीं कोण कोण आलें पाहा. १९०७ सालीं मद्रासेंत ट्रिप्लिकेनच्या हिंदु हायस्कूलचे हेडमास्तर श्रीनिवास शास्त्री आले (आमच्या पेशाचा माणूस, म्हणून मला त्यांचा विशेष अभिमान). १९१४ सालीं मुंबई म्युनिसिपालिटींतील इंजिनियरची नोकरी सोडून ठक्करबाप्पा आले. १९१५ सालीं आफ्रिकेहून परत आलेले गांधीजी आले. तिघेही १८६९ सालचे, दहा आठवड्यांच्या आंत जन्मलेले. पंचेचाळीस वर्षांचे गांधीजी तरुण कसे, असें कोणी विचारील. पण हिंदुस्थानच्या राजकारणांत ते नवखेच होते.

गोखल्यांनीं त्यांना एक वर्ष देश फिरून पाहावयास आणि तोंवर सार्वजनिक प्रश्नांवर मौन पाळावयास सांगितलें. समाजाचे सभासद घेतील कीं नाहीं याची त्यांना खात्री नव्हती, तरी डॉक्टर देवांना बोलावून त्यांनीं समाजाच्या वहींत गांधीजींच्या नांवें खातें उघडावयास सांगितलें, आश्रमाला लागेल तें द्यावें म्हणून. म्हशाच्या बाजारांत यालाच आम्ही इसार म्हणतों.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजीं गोखले वारले. गांधीजींच्या अर्जावर समाजांत दोन तट पडले, एक अनुकूल आणि एक सक्त विरुद्ध. विरोध करणाऱ्यांनीं योग्य केलें असें माझें मत आहे. उमेदवार केवढाही मोठा असो, दिवंगत गुरूचें त्याच्यावर प्रेम असो, त्याचा मार्ग संस्थेच्या मार्गाहून निराळा आहे असें ज्यांना प्रामाणिकपणें वाटलें त्यांनीं तें बोलून दाखविलें. गांधीजींनीं शास्त्र्यांना पत्र लिहून तहकूब झालेली सभा भरवूंच नये असें कळविलें आणि अर्ज मागें घेतला.

आतां आमच्या भागाची गोष्ट. मुंबईच्या श्रोत्यांच्या नळाला येणारें पाणी बरेंचसें शहापुराच्या तानसा आणि भातसा धरणांतलें असतें, आणि त्याच तालुक्यांतील पाड्यांना उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागते. ग्रामपंचायतीस २१ व्या वर्षीं उभें राहतां येतें. महाराष्ट्रांत २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. एखाद्या ठाकूरवाडींतली किंवा कातकरवाडीवरची मुलगी निवडून येते. पाड्याला पाणी का नाहीं, हें आंकड्यांनिशीं मांडणारा अर्ज तिला लिहावयाचा असतो. तिचा मसुदा कोण तपासणार? माझी सूचना साधी आहे. प्रत्येक परीक्षकानें आपण निवडलेल्यांपैकीं एकाला पांच वर्षें पत्करावें. त्याचे कागद वाचावे, त्याच्या सभेंत मागच्या बांकावर बसावें, आणि त्याच्यावर बालंट आलें तर त्याच्या शेजारीं उभें राहावें. असें पत्करणें ज्यांना जमणार नाहीं त्यांनीं समितीवर बसूं नये. मग परीक्षक थोडे मिळतील, हें मला ठाऊक आहे. पारितोषिकेंही थोडीं दिलीं तर चालेल.

शास्त्री आणि गांधी यांचें पुढें काय झालें तें सांगावयाचें राहिलें. दोघांचें राजकारण जन्मभर जुळलें नाहीं. गांधीजींची आत्मकथा महादेवभाई देसायांनीं इंग्रजींत आणली, तिची भाषा दुसऱ्या आवृत्तीसाठीं कोणी एका वंदनीय मित्रानें आरंभापासून शेवटपर्यंत तपासून दिली, आणि आपलें नांव कोठेंही येऊं नये अशी अट घातली. ते मित्र श्रीनिवास शास्त्री होते. १९१५ साली पुण्यास त्या अर्जावर झालेल्या मतभेदाची हकीकतही त्याच पुस्तकांत आहे.