आबांचा घण

दिंडीच्या शंभर वर्षांत विणेकरी झाले, कीर्तनकार झाले, त्यांच्याबद्दल इथं बोलून झालं. आम्ही भावंडं बोलणार आहोत ते राहुट्या ठोकणाऱ्या माणसाबद्दल. ते आमचे वडील. नातवंडांचे, आणि निम्म्या दिंडीचेही, आबाच.

आबांना गळा नव्हता. भजनात मागच्या ओळीला उभे राहिले तरी मृदंगमणी वळून बघायचे. मग आबाच हसून म्हणायचे, "विणेकऱ्याच्या गळ्यात वीणा, आमच्या खांद्यावर घण. ज्याला जे पेलतं ते!"

हा घण वारीच्या आधीचा, ७२ च्या दुष्काळातला. माण तालुक्यातलं आमचं कोरडवाहू रान. विहीर आटली, बैल विकले, आणि आबा-आई पाझर तलावाच्या कामावर जाऊ लागले. आबा दगड फोडायचे, आई पाटीनं वाहायची. आम्हा पोरांना मिळायची ती सुकडी, तोच सण. दिवसभर घण मारून आलेला हा माणूस रात्री अंगणात चार पायांवर बैल व्हायचा! आम्हाला पाठीवर घ्यायचा, विकलेल्या बैलांसारखा डुरकायचा. आम्ही खदाखदा हसायचो. आई मात्र चुलीकडं तोंड करून बसायची. ती का बसायची, हे आम्हाला पोरंबाळं झाल्यावर कळलं.

पाऊस झाला, पेरणी उरकली आणि आबा आळंदीला गेले. ते साल १९७३. तिथून २०१९ पर्यंत एकही आषाढी चुकली नाही. पण त्यांची वारी सामानाच्या गाडीबरोबरची. दिंडीच्या आधी मुक्कामाला पोचायचं, पाण्याचा उतार बघायचा, राहुट्या उभ्या करून भोवती चर मारायचा. पहाटे दिंडी निघाली की खुंट्या उपटून, मोजून पोत्यात भरायच्या. "आबा कुठं चालतात, गाडीतनं फिरतात," असंही कुणी म्हणायचं. आबा म्हणायचे, "खरंय."

रिंगणाला मात्र ते हातातलं काम टाकून यायचे. फुगडीला त्यांना कोणीही चालायचं. एकदा बंदोबस्तावरच्या पोलिसालाच ओढलं. त्यानं टोपी काखेत मारली आणि घातली की फुगडी! काही जुन्या मंडळींना हे रुचत नसे. आमचं म्हणणं वेगळं आहे. रिंगण झाल्यावर टाळकरी उडीचा खेळ खेळतात, बायाबापड्या फुगड्या घालतात, ते माउलींच्या पालखीसमोरच ना?

वाल्ह्याच्या मुक्कामी एका रात्री वावटळ आली, पाऊस आला आणि बायकांच्या राहुटीच्या खुंट्या चिखलातनं निघाल्या. आबांनी आत शिरून मधला बांबू दोन्ही हातांनी धरला तो उजाडेपर्यंत. बाया म्हणाल्या, बाबा, बसा जरा. तर म्हणे, "देव तिकडं कधीचा उभाय. मी एक रात उभा राहिलो तर काय झिजतो का!" आणि रात्रभर सासू-सुनांच्या अशा गोष्टी सांगितल्या, की पावसाला भ्यायचंच राहून गेलं.

मग २०२० साल आलं. पायी वारी नाही. पादुका एसटीतनं पंढरीला जाणार, हे ऐकल्यावर आबा दोन दिवस बोललेच नाहीत. एवढे गप्प आम्ही त्यांना कधी पाहिले नव्हते. तिसऱ्या दिवशी त्यांनी परड्यात राहुटी ठोकली. रोज नातवंडांना घेऊन बांधाबांधानं फेऱ्या. आज सासवड, उद्या जेजुरी. नीरेच्या दिवशी विहिरीवर नेऊन एकेकाच्या डोक्यावर कळशी ओतली. चांदोबाच्या लिंबाला आमच्याच दारचा लिंब. धाकटा नातू झाला माउलींचा अश्व आणि ऐंशीचे आबा स्वाराचा अश्व! पळता पळता धाप लागली, तर म्हणाले, "घोडा म्हातारा झाला, पण वाट चुकला नाही."

कार्तिकीच्या चार दिवस अलीकडं आबा गेले. रात्री जेवले, नातवाला कोडं घातलं, "उत्तर सकाळी सांगतो" म्हणून झोपले. ते उत्तर आम्ही अजून शोधतोय.

२०२२ ला पायी वारी पुन्हा सुरू झाली, तेव्हा धाकट्यानं घण उचलला. दांडा नवा आहे, लोखंड तेच. गळाही आजोबांचाच मिळालाय, त्याला आमचा इलाज नाही. मृदंगमणींनी सांभाळून घ्यावं.

रामकृष्णहरी!