ऊर्जा घटते, वेग घटत नाही



माझे बोलणे तुम्ही मध्यम लहरींवर ऐकत असाल, तर ते तुमच्या रेडिओपर्यंत फोटॉनांनी आणून पोहोचवले आहे. फोटॉन म्हणजे प्रकाशाचा कण, आणि रेडिओलहरी ही प्रकाशाचीच भावंडे. तीनशे मीटर लांबीच्या रेडिओलहरीतला एक फोटॉन आणि निळ्या दिव्यातून निघालेला एक फोटॉन घ्या. निळ्याची ऊर्जा सुमारे ६५ कोटी पट भरेल. वेग मात्र दोघांचा एकच : निर्वात पोकळीत सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर.

फोटॉनला संवेगही असतो, असे म्हटले की इथे मन अडखळते. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, असे आपण शाळेत घोकले. फोटॉनला तर वस्तुमानच नाही. मग त्याचा संवेग शून्य नको का? शंका अगदी रास्त आहे. पण ते शाळेतले सूत्र प्रकाशाच्या मानाने खूप सावकाश चालणाऱ्या वस्तूंपुरतेच खरे. आइन्स्टाइन यांच्या सापेक्षता सिद्धांतात ऊर्जेचे दोन वाटे असतात, एक संवेगाचा आणि एक वस्तुमानाचा. वस्तुमानाचा वाटा शून्य झाला की उरते ते एवढेच : फोटॉनचा संवेग म्हणजे त्याची ऊर्जा भागिले प्रकाशाचा वेग. या हिशेबात वेग आहे, पण तो कधीही न बदलणारा भाजक म्हणून. ऊर्जा दुप्पट झाली की संवेगही दुप्पट होतो. वेग जागचा हलत नाही.

कॅरमचा स्ट्रायकर सोंगटीवर आपटला की सोंगटी पळते आणि स्ट्रायकर मंदावतो. फोटॉन कुणावर आपटला तर? अमेरिकेत आर्थर कॉम्प्टन यांनी ग्रॅफाइटवर क्ष-किरण सोडले आणि वेगवेगळ्या कोनांत विखुरलेल्या किरणांची लहरलांबी मोजली. ती वाढलेली निघाली. काटकोनात वळलेल्या किरणांत ही वाढ २.४ पिकोमीटर होती. एका फोटॉनने एका इलेक्ट्रॉनला धक्का दिला, त्यात आपली थोडी ऊर्जा आणि थोडा संवेग गमावला, असे मानले की हा आकडा नेमका जुळतो. लहरलांबी वाढली याचा अर्थच ऊर्जा कमी झाली. फोटॉन मंदावत नाही, तो रंग बदलतो. मला या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते. कॉम्प्टन यांनी हे १९२३ साली प्रसिद्ध केले आणि १९२७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

हा धक्का कागदावरचा नव्हे. जपानने २०१० साली 'इकारोस' नावाचे यान शुक्राच्या दिशेने सोडले. त्याला चौदा मीटर बाजूचे चौकोनी शीड होते, जाडीला केसाहून कितीतरी पातळ. त्या एवढ्या मोठ्या शिडावर सूर्यप्रकाशाचा रेटा भरला तांदळाच्या पाच-सहा दाण्यांच्या वजनाइतका. पण अंतराळात हवेचा अडसर नाही आणि ऊन मावळत नाही. तो इवलासा रेटा सतत लागत राहिला, आणि यानाचा वेग त्याने बदलल्याचे मोजमापात दिसले.

राहिला प्रश्न वेगाचा. भारी, म्हणजे जास्त ऊर्जेचा, फोटॉन हलक्यापेक्षा तसूभरही मागेपुढे होत नाही, हे तपासायचे कसे? शर्यत लांब पल्ल्याची हवी. १० मे २००९ रोजी फर्मी या अवकाश दुर्बिणीला फार दूरच्या एका स्फोटातून आलेल्या गॅमा किरणांचा झोत दिसला. त्यातल्या एका फोटॉनची ऊर्जा पिवळ्या प्रकाशातल्या फोटॉनच्या हजार कोटींहून अधिक पट होती. त्याच्याबरोबर निघालेले इतर फोटॉन त्याच्यापेक्षा हजारो पटींनी हलके होते. सारे सात अब्ज वर्षांहून अधिक काळ धावत होते. तो भारी फोटॉन दुर्बिणीपाशी पोहोचला, तेव्हा झोताची चाहूल लागून पुरता एक सेकंदही झाला नव्हता.