घड्याळ मोजतं काय आणि अंदाज काय बांधतं

आजचा भाग पळणाऱ्यांसाठी आहे, त्यातही मनगटावर स्पोर्ट्स वॉच बांधून पळणाऱ्यांसाठी. कुठलं घड्याळ घ्यावं हे मी सांगणार नाहीये, त्याचे व्हिडिओ यूट्यूबवर पोत्याने पडलेत. घड्याळ घेतल्यावर त्यावर जे आकडे दिसतात, त्यातला कुठला खरंच मोजलेला असतो आणि कुठला हिशेबाने काढलेला, एवढाच आजचा विषय. माझं रोजचं काम तसंच आहे. सेन्सरमधून डेटा येतो, त्यावर कोड चालतो आणि स्क्रीनवर एक आकडा अगदी ठामपणे येऊन बसतो. आत काय शिजलंय ते माहीत असलं की त्या ठामपणाची भीती वाटत नाही.

घड्याळात मुळात फार थोडं असतं. मागच्या बाजूला हिरवे दिवे आणि परत येणारा प्रकाश टिपणारा सेन्सर. आत हालचाल ओळखणारा अ‍ॅक्सेलरोमीटर. उपग्रहांचे सिग्नल पकडणारा जीपीएस. जरा महागाच्या घड्याळात हवेचा दाब मोजणारा बॅरोमीटर, म्हणजे चढ किती चढलात ते कळावं. झालं. कॅलरी, व्हीओटू मॅक्स, रिकव्हरीचे तास, ट्रेनिंग स्टेटस, हे सगळं त्याच्यावर गणित करून काढलेलं.

आधी त्या हिरव्या दिव्यांबद्दल, कारण सगळा डोलारा त्यांच्यावर उभा आहे. रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश चांगला शोषून घेतं. हृदयाचा ठोका पडला की मनगटात रक्ताची लाट येते, जास्त प्रकाश शोषला जातो, कमी परत येतो. लाट ओसरली की उलटं. हा चढउतार मिनिटाला किती वेळा झाला ते मोजायचं, की झाला हार्ट रेट. बसल्या जागी ही पद्धत छान चालते. पळताना मात्र हात सतत हलतो, घड्याळ त्वचेवर घासतं, हाताच्या झोक्यासोबत मनगटातलं रक्तही हेलकावतं आणि सेन्सरला त्याचीही लाट दिसते. मग घड्याळ अ‍ॅक्सेलरोमीटरला विचारतं की हात किती वेगाने हलतोय, आणि तेवढी लाट वजा करून टाकतं.

आता खरी गंमत. पळताना आपली पावलं साधारण मिनिटाला १६० ते १८० पडतात. जोरात पळताना हृदयाचे ठोकेही त्याच्याच आसपास असतात. दोन सिग्नल एकाच फ्रिक्वेन्सीवर आले तर कुठला कोणाचा हे कसं ओळखणार? बीटेकला सिग्नल प्रोसेसिंगच्या पेपरात हा प्रश्न रटून लिहिला होता, पुढे तो माझ्याच मनगटावर भेटला. बऱ्याचदा घड्याळ गोंधळतं आणि पावलांचा आकडाच हार्ट रेट म्हणून दाखवतं. याला कॅडन्स लॉक म्हणतात.

माझ्या एका रनची फाइल मी घड्याळातून काढून पायथॉनमध्ये ग्राफ केली होती. तळजाईवर सकाळची अगदी निवांत धाव, गप्पा मारत. पहिल्या पाच मिनिटांत हार्ट रेट १६८ आणि पुढे पंधरा मिनिटं १६८च्या आगेमागे सपाट. कॅडन्सची रेघ? तीही १६८. एकावर एक चिकटलेल्या. त्याच वेळी छातीला पट्टा होता, तो १३९ सांगत होता. कोड लिहायचा नसेल तर अ‍ॅपमध्येच हे दोन ग्राफ एकाखाली एक ठेवून बघा. हळू पळतानाही सुरुवातीलाच हार्ट रेट उडी मारून पावलांच्या आकड्यावर जाऊन बसला असेल, तर तो आकडा तुमच्या हृदयाचा नाही, पायांचा आहे.

उपाय साधे आहेत. पळताना घड्याळ मनगटाच्या हाडाच्या एखादं बोट वर सरकवा आणि पट्टा नेहमीपेक्षा एक भोक घट्ट करा. टॅटूच्या जागेवर बांधू नका, शाई प्रकाश अडवते. थंडीत सुरुवातीची काही मिनिटं आकडा मनावर घेऊ नका, कारण तेव्हा हातात रक्तच कमी खेळत असतं. आणि इंटरव्हल, म्हणजे थोडं जोरात मग थोडं हळू, असे वर्कआउट करत असाल तर छातीचा पट्टा घ्या. तो प्रकाशावर चालत नाही, हृदयाचे विद्युत सिग्नल थेट पकडतो. फिनलंडच्या पोलार कंपनीने असा वायरलेस पट्टा आणि घड्याळ १९८२ सालीच बाजारात आणलं होतं. इतकं जुनं तंत्र, पण अजूनही मनगटावरच्या दिव्यांना ते ऐकत नाही.

इथेच एक गोष्ट सांगते आणि ती जरा गंभीर आहे. आमच्या पळणाऱ्या ग्रुपमधल्या एका काकांच्या छातीत पळताना भरून आलं. घाम फुटला, डावा हात जड झाला. ते थांबले, बाकावर बसले आणि घड्याळ बघितलं. हार्ट रेट ११८, घड्याळाचा कुठलाही इशारा नाही. म्हणून ते म्हणाले, "अगं, अ‍ॅसिडिटी असेल, घड्याळ तर नॉर्मल दाखवतंय." आमच्यातली एक जण नर्स आहे. तिने त्यांचं काहीएक न ऐकता १०८ला फोन लावला. हृदयाच्या एका धमनीत मोठा अडथळा निघाला. काका आता बरे आहेत, चालतात, माझ्याशी वादही घालतात.

ते घड्याळ खोटं बोलत नव्हतं. हृदयाचे ठोके मिनिटाला ११८च पडत असणार. पण ठोके किती पडतात आणि हृदयाच्या स्नायूला रक्त पोचतंय का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. हिरव्या दिव्याला दुसऱ्या प्रश्नातलं काहीच दिसत नाही. काही घड्याळांत बोट लावून ईसीजी काढता येतो, त्याचं मुख्य काम ठोक्यांची अनियमितता शोधणं हे आहे. अ‍ॅपल तर स्वतः स्पष्ट लिहितं की त्यांच्या वॉचला हार्ट अटॅक ओळखता येत नाही. तेव्हा छातीत दुखलं, चक्कर आली, दम नेहमीपेक्षा वेगळा लागला, तर मनगटाकडे बघायचं नाही. थांबायचं, शेजारच्याला सांगायचं, १०८. तुम्ही पंचविशीतले असलात तरी. हा तुकडा तुमच्या बाबांना नक्की ऐकवा, त्यांना वाढदिवसाला घड्याळ तुम्हीच दिलेलं असणार.

बरं, आता झोन. घड्याळ सांगतं, आज झोन टूमध्ये पळा. झोन कुठून येतात? बहुतेक वेळा तुमच्या कमाल हार्ट रेटवरून. आणि तो कुठून येतो? तुम्ही काही बदललं नसेल तर वयावरून. २२० वजा वय, हे सूत्र १९७१पासून चाललंय. माझं वय २८, म्हणजे १९२. दुसरं एक सूत्र आहे, २००१ सालचं, २०८ वजा वयाच्या ०.७ पट. त्याने १८८ येतं. दोन्ही सूत्रं सरासरीची आहेत, आणि एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो. मी एआरएआयच्या टेकडीवर छातीचा पट्टा लावून चढाचे जोरदार राउंड मारले, तेव्हा माझा आकडा २०१ निघाला. आता ७० टक्क्यांची रेघ १९२वर धरली तर १३४ला येते, २०१वर धरली तर १४०ला. सहा ठोक्यांचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. पण घड्याळ दर दोन मिनिटांनी मनगटावर थरथरून "हळू, हळू" करायला लागलं की माणूस वैतागून पळणं सोडतो. उलट ज्याचा खरा आकडा १८०च आहे, तो झोन टू समजून रोज दामटत राहतो आणि दोन महिन्यांनी नडगी धरून बसतो.

ही टेस्ट प्रत्येकाने करायची गरज नाही, आणि घरात हृदयविकाराचा इतिहास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको. हळू पळण्यासाठी माझा निकष वेगळाच आहे: शेजारी पळणाऱ्याला ऑफिसमधली अख्खी भानगड न धापता सांगता येते का? येत असेल तर वेग बरोबर आहे.

व्हीओटू मॅक्सचं तसंच. लॅबमध्ये तोंडाला मास्क लावून, ट्रेडमिलवर दमेपर्यंत पळवून, श्वासातला ऑक्सिजन मोजतात तेव्हा तो खरा आकडा मिळतो. घड्याळाकडे मास्क नाही. ते बघतं की अमुक वेगाला तुमचा हार्ट रेट किती, आणि त्यावरून अंदाज बांधतं. अंदाज वाईट नसतो. फक्त गणितातल्या "अमुक वेगाला" या शब्दांत आपली हवा बसत नाही. दमट हवेत घाम वाळत नाही, अंग थंड करायला शरीर जास्त रक्त त्वचेकडे पाठवतं, म्हणून त्याच वेगाला हृदय जास्त धावतं. माझी एक मैत्रीण पुण्याहून ठाण्याला गेली, मे महिन्यात. तीन आठवड्यांत तिचं व्हीओटू मॅक्स घसरलं आणि घड्याळाने "अनप्रॉडक्टिव्ह" असा शेरा मारला. ती चिडून आणखी जोरात पळायला लागली. मी म्हटलं, बाई, तू तीच आहेस, हवा बदललीये. काही घड्याळं फोनवरून हवामान घेऊन थोडी दुरुस्ती करतात, सगळी करत नाहीत. डिसेंबर आला, तिचा आकडा आपोआप वर.

आणि मुलींनो, पाळीच्या आधीच्या दहा-बारा दिवसांत विश्रांतीतला हार्ट रेट थोडा वर असतो. हे नैसर्गिक आहे. घड्याळ मात्र त्याच दिवसांत "रिकव्हरी कमी" म्हणत तोंड वाकडं करतं. अ‍ॅपमध्ये पाळीची नोंद करून दोन्ही ग्राफ एकदा शेजारी बघा.

कॅलरींबद्दल एवढंच, की त्या आकड्यावर हिशेब मांडून वडापाव खाऊ नका. वडापाव खायचा म्हणून खा.

आता जीपीएस. हाफ मॅरेथॉन २१.०९७५ किलोमीटरची. रेस संपल्यावर प्रत्येक ग्रुपमध्ये एक जण असतोच जो म्हणतो, आयोजकांनी अंतर जास्त ठेवलं, माझ्या घड्याळात २१.४ आलं. प्रमाणित रेसचा रस्ता सायकलला काउंटर लावून मोजतात, वळणं आतल्या कडेने धरून, शक्य तितक्या जवळच्या रेषेत. वर दर किलोमीटरला एक मीटर जास्तीचा ठेवतात, चुकूनही कमी पडू नये म्हणून. आपण गर्दीतून नागमोडी पळतो, पाण्याच्या टेबलाकडे वळतो. शिवाय वीस हजार किलोमीटरवरच्या उपग्रहाचा सिग्नल इमारतींवर आपटून उशिरा पोचतो आणि घड्याळाला वाटतं आपण पलीकडच्या फुटपाथवर आहोत. हे सगळं मिळून तीनशे मीटर सहज होतात.

यात रडकुंडीला कोण येतं? ज्याला बरोबर दोन तासांत संपवायचंय तो. त्यासाठी किलोमीटरला ५ मिनिटं ४१ सेकंद लागतात. घड्याळ पूर्ण रेसभर ५:४१ दाखवत राहिलं, तर २१.४ होईपर्यंत दोन तास उलटून दीड मिनिट वर गेलेलं असतं. म्हणून टार्गेट असेल तर घड्याळावर ५:३६ धरा, किंवा त्याहून बरं, ऑटो लॅप बंद करा आणि रस्त्यावरच्या किलोमीटरच्या पाटीपाशी स्वतः बटण दाबा. मुंबईत पेडर रोडच्या चढावर किंवा साताऱ्याला यवतेश्वरच्या घाटात तर पेसचा आकडा बघूच नका. चढावर पेस पडणारच. तिथे दम बघायचा.

अंतर तपासायचं असेल तर चारशे मीटरच्या ट्रॅकवर पहिल्या लेनमध्ये २५ राउंड मारा. दहा किलोमीटर. घड्याळ काय म्हणतं ते बघा, करमणूक होईल.

पण एका जागी जीपीएस आपल्याला नको तितकं अचूक असतं. तुमचं घर. रोज रन सुरू कुठे होते? सोसायटीच्या गेटवर. किती वाजता? तेही नकाशाखाली लिहिलेलं. २०१८च्या जानेवारीत स्ट्राव्हाच्या हीटमॅपवर लष्करी तळ उजळलेले दिसले तेव्हा जगभर गाजावाजा झाला, कारण सैनिक तिथे घड्याळ लावून पळत होते. मी पहाटे साडेपाचला एकटी निघते. माझ्या अ‍ॅपमध्ये घराभोवतीचा भाग लपवलेला आहे आणि रन फक्त ओळखीच्यांना दिसते. हे सेटिंग दोन मिनिटांचं आहे. हा भाग ऐकता ऐकताच करून टाका, मी थांबते.

झालं? छान. शेवटी, बरेच जण विचारतात म्हणून सांगते, पळताना माझ्या स्क्रीनवर काय असतं. वेळ, आणि चालू लॅपचा सरासरी पेस. क्षणाक्षणाचा पेस मी काढून टाकलाय, तो झाडाखाली गेलं की उड्या मारतो. हार्ट रेट घरी आल्यावर, चहा घेताना बघते. पुढच्या भागात बुटांबद्दल बोलू, तुमचे झिजलेले तळवे फोटो काढून ठेवा. येते.