ठराव कागदावर, पाणी तळ्यात

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या कार्यक्रमातील भाषण)



वर्धापनदिनी धम्मावर बोलावे अशी प्रथा आहे. पण समितीने आम्हाला विषय दिला तो 'ग्रामपंचायतीपासून विधानसभेपर्यंत कारभार चालतो कसा, आणि त्यात आपण कुठे आहोत' हा. विषय रुक्ष वाटेल. पण वस्तीतली गटार, नळाचं पाणी, रेशनकार्ड, पोराची शिष्यवृत्ती हे सगळं या एका विषयात बसतं. तेव्हा थोडा धीर धरून ऐकावे ही विनंती.

सुरुवात महाडपासून करू. चवदार तळ्याचा इतिहास आपल्या लहान मुलांनाही पाठ आहे. पण त्यातला कारभाराचा भाग आपण फारसा सांगत नाही. १९२३ च्या ऑगस्टमध्ये मुंबई विधिमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांनी ठराव मांडला, की सार्वजनिक पैशातून बांधलेल्या किंवा चालवलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. ठराव मंजूर झाला. १९२४ च्या जानेवारीत महाड नगरपालिकेनेही ठराव करून तळे खुले केले. म्हणजे वरचा ठराव झाला, खालचाही झाला. पाणी मिळालं का? नाही. तीन वर्षे कोणाला ओंजळभर पाणी घेता आलं नाही. बोले यांना १९२६ साली पुन्हा ठराव आणावा लागला, की ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्ड हे मानणार नाहीत त्यांचं सरकारी अनुदान रोखावं. आणि शेवटी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसं घेऊन तळ्यावर गेले, तेव्हा तो ठराव कागदावरून उठून पाण्यापर्यंत आला.

पुढचंही ऐका. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला. तळे खाजगी आहे असा दावा कोर्टात गेला, आणि हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडलं.

यातून आम्ही काय घ्यायचं? कायदा करणारं सभागृह एक असतं, अंमल करणारी संस्था दुसरी असते, आणि ठरावाला जिवंत करणारी माणसं तिसरी. तिसरी माणसं जागेवर नसली तर पहिल्या दोघांचं काम फायलीत झोपून राहतं. आणि झालेला ठराव उलटवताही येतो, म्हणून पाळत ठेवावी लागते.

आता कोणी म्हणेल, बाबासाहेबांचा तर गावावर विश्वासच नव्हता, मग ग्रामपंचायतीचं कौतुक कशाला? खरं आहे. १९३२ साली मुंबई विधिमंडळात ग्रामपंचायतीचं विधेयक आलं तेव्हा त्यांनी त्याला विरोध केला आणि अस्पृश्यांसाठी राखीव प्रतिनिधित्व मागितलं. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत त्यांनी गाव नव्हे तर व्यक्ती हा घटनेचा घटक मानला आहे, याचं समाधान व्यक्त केलं. ही शंका किती रास्त होती ते पुढे कायद्यानेच मान्य केलं. ७३ वी घटनादुरुस्ती १९९२ साली झाली आणि २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली. तिने अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा आणि सरपंचपदंही राखून ठेवली. स्त्रियांना किमान एक तृतीयांश जागा दिल्या. महाराष्ट्राने २०११ साली त्या निम्म्या केल्या. शहरांसाठी ७४ वी दुरुस्ती १ जून १९९३ पासून आली.

पण बंधूंनो, खुर्ची राखीव झाली म्हणजे अधिकार आपल्या हातात आला असं नाही. आपली एखादी भगिनी सरपंच होते. आता ग्रामपंचायतीची देणी संगणकावर डिजिटल सहीने निघतात. त्या सहीचा डोंगल बाईंच्या कपाटात आहे की दुसऱ्याच कोणाच्या खिशात, हे बघा. कारभार कोणाचा ते तिथेच कळतं.

सभा कशी चालवावी हे आम्हाला कोणी नव्याने शिकवायला नको. २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतील भाषणात बाबासाहेबांनी सांगितलं आहे, की भिक्खू संघाला संसदीय कामकाजाचे नियम ठाऊक होते. बसण्याची व्यवस्था, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी हे सारं तिथे होतं. विनयात ठराव मांडण्याला 'ञत्ति' म्हणतात आणि मत नोंदवायला शलाका वापरत. किमान चार भिक्खू नसतील तर संघकर्म होत नाही, आणि मध्यदेशात उपसंपदेला दहा भिक्खू लागत. अडीच हजार वर्षांपूर्वी गणपूर्तीशिवाय सभा नाही असं मानणाऱ्या परंपरेतले आपण. आणि आज ग्रामसभेच्या वहीत घरोघर फिरवून सह्या घेतात, तेव्हा आपण मुकाट्याने सही करतो! ती सही म्हणजे आपण न पाहिलेल्या ठरावाला दिलेली संमती असते.

आता ग्रामसभेचा नियम समजून घ्या. महाराष्ट्रात वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. सर्वसाधारणपणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांना त्या होतात. गणपूर्ती म्हणजे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यांपैकी जो आकडा कमी तो. गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. इथेच मेख आहे. पहिल्या सभेला आपण गेलो नाही की दुसरी सभा दहा-पंधरा माणसांत उरकता येते आणि ती कायदेशीरही ठरते. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. आपल्या किती बायका त्या सभेला जातात? पाण्याची घागर बायकांच्या डोक्यावर असते, मग पाण्याचा विषय त्यांनीच मांडला पाहिजे.

सभेत नुसतं तावातावाने बोलून भागत नाही. आम्ही काही कार्यकर्ते ग्रामसभांना जातो, आमचा अनुभव असा, की तोंडी बोललेलं हवेत विरतं. विषय आधी लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. सभेत तो विषयपत्रिकेत आला का पाहावं. शेवटी ठराव इतिवृत्तात कोणत्या शब्दांत लिहिला ते वाचून दाखवायला सांगावं. 'चर्चा झाली' आणि 'मंजूर करण्यात आले' या दोन शब्दांत पुऱ्या गटारीचा फरक पडतो.

दुसरी गोष्ट, कोणतं दार ठोठवायचं हे कळलं पाहिजे. आपली माणसं सगळ्या कामाला आमदाराकडे धावतात. गावातला नळ, दिवाबत्ती, गटार हे ग्रामपंचायतीचं काम. प्राथमिक शाळा आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे. सातबारा तलाठ्याकडे, ज्यांना २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. रेशनचं काम तहसील कार्यालयातील पुरवठा शाखेत. जातीचा दाखला प्रांताधिकाऱ्याकडून. पोलीस खातं राज्याच्या गृह विभागाचं आणि शिष्यवृत्ती राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची. चुकीच्या दारात सहा महिने उभं राहिलं की माणूस म्हणतो, सरकार बहिरं आहे. सरकार बहिरं असतंही, पण आधी दार तरी बरोबर हवं.

तिसरी गोष्ट पैशाची. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी आणि जिल्हा परिषदेने स्वतःच्या उत्पन्नातले २० टक्के समाजकल्याणासाठी खर्च करायचे असतात. त्याशिवाय दलित वस्ती सुधार योजना या जुन्या नावाने आपण ओळखतो ती योजना १९७४ पासून चालत आली आहे. तिच्यातून पाणी, गटारे, अंतर्गत रस्ते, दिवे, समाजमंदिर अशी कामं होतात. मोठा पैसा अनुसूचित जाती उपयोजनेतून जिल्ह्याला येतो आणि त्याचा आराखडा जिल्हा नियोजन समितीपुढे जातो. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. आपण मात्र मार्चमध्ये काम मागायला जातो, तेव्हा आराखडा कधीच ठरलेला असतो. मागणी हिवाळ्यात गेली पाहिजे. आणि काय मागायचं याचाही विचार व्हावा. प्रवेशद्वाराची कमान सुंदर दिसते, पण पावसाळ्यात घरात शिरणारं पाणी कमानीने थांबत नाही.

आता राज्याकडे वळू. पंचायती आणि नगरपालिका घटनेत आल्या खऱ्या, पण त्यांचे कायदे विधिमंडळ करतं. सरपंच थेट जनतेतून निवडायचा हा नियम २०१७ साली आला, २०२० साली बदलला, २०२२ साली परत आला. मुंबई महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर कित्येक वर्षे तिथला कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. त्या काळात वॉर्डाला नगरसेवकच नव्हता. म्हणून विधानसभेवर लक्ष ठेवणं हे गल्लीच्या हिताचंच काम आहे. २८८ आमदारांत २९ जागा अनुसूचित जातींना आणि २५ जमातींना राखीव आहेत. अधिवेशनात तारांकित प्रश्न आणि लक्षवेधी सूचना मांडता येतात. आपल्या वसतिगृहाचा, थकलेल्या शिष्यवृत्तीचा प्रश्न आकड्यांसह अधिवेशनाच्या आधी आमदाराच्या हातात द्या. हार घालून निवेदन दिल्याचा फोटो छापून येतो, पण सभागृहात उत्तर द्यावं लागतं ते नेमक्या प्रश्नाला.

आणि उत्तर मिळालं नाही तर? २००५ चा माहितीचा अधिकार आहे. दहा रुपयांच्या शुल्कात अर्ज करता येतो, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही माफ आहे. ३० दिवसांत माहिती द्यायची असते. न दिल्यास ३० दिवसांत पहिलं अपील करावं. दाखल्यांसाठी २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे, त्यात प्रत्येक सेवेची मुदत ठरवून दिलेली आहे. अर्ज एकट्याने करू नये. लहान गावात एकट्या अर्जदारावर दबाव येतो, मजुरी बंद होते, हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणून दहा जणांनी दहा अर्ज करावेत. एकाला गाठता येतं, दहांना गाठणं अवघड जातं.

विहार समितीला आमच्या चार सूचना आहेत. एक, विहाराच्या फळ्यावर पुढच्या ग्रामसभेची तारीख आणि आपला विषय लिहावा. दोन, रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास अर्ज लिहून देण्यासाठी ठेवावा आणि हे काम शिकलेल्या मुला-मुलींनी करावं. तीन, अठरा पूर्ण झालेल्या प्रत्येकाचं नाव मतदार यादीत गेलं का ते तपासावं. नमुना ६ भरायला फार वेळ लागत नाही. चार, वस्तीसाठी झालेल्या ठरावांची एक वही ठेवावी. तिच्यात तारीख, रक्कम आणि काम कुठवर आलं हे लिहावं. दर पौर्णिमेला ती वही सर्वांसमोर वाचावी.

बंधू-भगिनींनो, महाडचा ठराव तीन वर्षे कागदावर पडून होता. आज आपल्या वस्तीचा कोणता ठराव किती वर्षे पडून आहे, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? त्या वहीचं पहिलं पान ते सांगेल. ते पान याच महिन्यात लिहिलं जावं एवढी अपेक्षा व्यक्त करतो आणि थांबतो.

जय भीम! जय भारत!