बंदुकीच्या नळीची आतली सफाई



रानडुकरे आणि वानरे यांच्यापायी ज्यांच्या घरी परवान्याची बंदूक आली, अशी घरे आपल्याकडे पुष्कळ आहेत. ही बंदूक वर्षातून दोनचार वेळा वाजते आणि उरलेले दिवस कुलुपात उभी असते. त्यात चार महिने पावसाचे. मग एके दिवशी धनी नळीला डोळा लावून बघतो. आत काळसर-तांबूस दिसते, आणि तो लागतो घासायला. कुणी वाळू घालतो, कुणी काचकागद. कुणी तर सळीला पॉलिशकागद गुंडाळून ती भोके पाडायच्या यंत्रालाच लावतो. तासाभरात नळी आरशासारखी होते खरी, पण त्या तासाभरात पोलाद किती गेले?

नळी काडतुसाजवळ चांगली जाड असते. पण पुढे ती पातळ होत जाते. चांगल्या दुनळी बंदुकीत पुढची भिंत मिलिमीटरभर, कधी त्याहूनही कमी भरते. बार उडतो त्या वेळी तुमचा पुढचा हात त्या भिंतीलाच धरून असतो. दुसरे असे की, पुष्कळ नळ्या तोंडाशी मुद्दाम किंचित आवळलेल्या असतात, म्हणजे छर्रे लांबवर एकत्र राहतात. ही आवळ पुरती असली तरी एका मिलिमीटरच्या आसपासच. ती काचकागदाने गेली की पुन्हा येत नाही.

गुरुजींनी वर्गात सांगण्याजोगी एक गोष्ट इथे सांगतो. ‘बारा बोर’ म्हणजे काय? एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक ज्या नळीत चपखल बसेल, ती बारा बोरची नळी. तिचा व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर. माप असे ठरलेले असते, बरे का. घासून घासून ते वाढवायचे नसते.

तेव्हा आत काय साचले आहे ते आधी ओळखा. करड्या रेघा दिसल्या तर ते शिसे. पातळ चिकट पापुद्रा असेल तर तो प्लॅस्टिकच्या बुचाचा. हे दोन्ही निघतात. तांबूस डाग हा गंज. वरवरचा असेल तर तोही निघतो. पण गंजाने खड्डे पाडले असतील तर ते घरी काढू नका. खड्डा काढायचा म्हणजे त्याच्या बुडापर्यंत आजूबाजूचे सगळे पोलाद उतरवायचे!

कामाला बसण्याआधी बंदूक रिकामी आहे हे पाहायचे, आणि दुसऱ्याने सांगितले तरी स्वतः पाहायचे. मुले आणि काडतुसे दोन्ही त्या खोलीत नकोत. ठासणीच्या बंदुकीत तर नुसते बघून कळत नाही. तिची टोपी काढा, नळीच्या तोंडापुढे चेहरा न आणता गज आत हळूच सोडा आणि तोंडाशी खूण करा. मग तोच गज नळीला बाहेरून लावून पाहा. गजाचे टोक बत्तीच्या भोकापर्यंत पोचत नसेल, तर आत काहीतरी आहे. ते उकरत बसू नका. परवानाधारक कारागिराला घरी बोलवा.

दुनळी असेल तर नळ्या दस्त्यापासून सोडवा आणि काडतुसाच्या बाजूने गज घाला. आधी कोरडी चिंधी फिरवा. मग पितळी तारांचा ब्रश रॉकेलमध्ये, नाहीतर बंदुकीच्या सफाईच्या तेलात भिजवून दहापंधरा वेळा चालवा आणि थोडा वेळ तसेच राहू द्या. चिंध्या स्वच्छ येईपर्यंत पुसा. तरीही शिसे चिकटून राहिले, तर जुन्या ब्रशावर चार शून्य क्रमांकाची, म्हणजे सर्वांत बारीक, तारेची लोकर गुंडाळा. तिला तेल लावून वीसपंचवीस हात द्या, आणि थांबा. घरच्या चकाकीची हद्द इथे संपते. नळीला आतून क्रोम चढवलेला असेल, तर लोकरही लावू नका.

काळी दारू आणि काही जुन्या टोप्या यांची राख निराळी. तिच्यात क्षार असतात. पावसाळ्यात ताटलीतले मीठ कसे पाणी सोडते? तसेच हे क्षार नळीत हवेतला ओलावा ओढतात. ते तेलात विरघळत नाहीत. म्हणून त्याच दिवशी कढत पाणी ओतून धुवा, खडखडीत कोरडी करा आणि मगच तेल लावा. तेल शिलाई यंत्राचे चालेल. खोबरेल नको, थंडीत ते गोठते.

मग नळी उजेडाकडे धरून पाहा. आतली उजेडाची वर्तुळे अखंड दिसली तर ठीक. कुठे चंद्रकोरीसारखी सावली दिसली तर तिथे पोचा आहे. काळे कडे दिसले तर नळी फुगली आहे. अशा बंदुकीत काडतूस घालू नका. दुरुस्ती परवानाधारकानेच करावी, असे १९५९ चा शस्त्र कायदा सांगतो. तोंड खराब झाले म्हणून त्यासाठीच्या परवान्याशिवाय नळी आखूड करणे हा तर त्याच कायद्याने गुन्हा आहे.

निवडणुकीच्या वेळी बंदूक ठाण्यात जमा करायची असेल, तर आदल्या दिवशी आतून तेलाचा हात द्या; तिथे महिना-दीड महिना तिला कुणी पुसत नाही. घरी ठेवताना नळीचे तोंड खाली करून ठेवा, नाहीतर तेल उतरून दस्त्याचे लाकूड कुजते. तोंडाला बूच मात्र लावू नका. ते विसरून बार काढला तर नळी फाटते. आत राहिलेली चिंधी तेच करते, आणि कुंभारीण माशीने आत बांधलेले मातीचे घरही तेच करते. म्हणून बंदूक बाहेर काढाल तेव्हा आतले तेल कोरड्या चिंधीने पुसून घ्या, आणि नळीतून पलीकडचा उजेड दिसल्याशिवाय काडतुसाला हात लावू नका.