नख काळे, नख पिवळे



नवरात्रात देवासच्या टेकडीवर आपण चामुंडेच्या आणि तुळजाभवानीच्या दर्शनाला अनवाणी चढतो. उतरताना पायरीची ठेच लागते, अंगठ्याच्या नखाखाली रक्त साकळते आणि नख काळे पडते. घाबरू नका, पण घाईही करू नका. पायाचे नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढते. अंगठ्याचे पुरे नख बदलायला वर्ष ते दीड वर्ष लागते. म्हणजे या नवरात्रातला डाग पुढच्या नवरात्रातही टोकाशी दिसू शकतो.

डाग नखाबरोबर पुढे सरकतो का, एवढे बघत राहा. सरकला, तर तो बहुधा मुका मार. पण मार न लागता काळी-तपकिरी उभी रेघ उमटली, रुंद होत गेली किंवा कातडीवर उतरली, तर डॉक्टरांकडे जा.  ती रेघ क्वचित कर्करोगाचीही असते.

आता पिवळे नख. जाड, ठिसूळ, खाली भुसा साठलेले. धार काय, देवास काय, पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलात सोयाबीन निंदताना बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. तिथली बुरशी मग नखात शिरते. आधी चिखल्या बऱ्या करा. पाय धुतल्यावर बेचक्या कोरड्या पुसा, सुती मोजे रोज बदला, बूट आलटून-पालटून उन्हात ठेवा. नख कोमट पाण्यात मऊ करून सरळ कापा. कोपरे कोरू नका. नेलकटर ज्याचा त्याचा वेगळा. मधुमेह असेल, तर पाय पाण्यात भिजत ठेवू नका. नखे दुसऱ्याकडून कापून घ्या.

लिंबू, व्हिनेगर यांनी बुरशी मुळापासून गेल्याचा भरवसा नाही. हळदीने तर पिवळे आणखी पिवळे!

प्रत्येक पिवळे नख बुरशीचेच असते असे नाही. सोरायसिसचे नखही तसेच दिसते. बुरशीच्या गोळ्या तीनेक महिने घ्याव्या लागतात, त्यांचा भार यकृतावर पडू शकतो. म्हणून आधी नखाचा तुकडा तपासून घेण्याविषयी डॉक्टरांना विचारा. आणि जाताना नेलपॉलिश पुसून जा.